सुजीत अबुधाबीला गेलाय

—नाही हो, अबुधाबीलाच गेलाय. तिकडे एअरपोर्टजवळ खलिफा सिटी म्हणून नवीन भाग निघालाय, नुसत्या व्हिलाच व्हिला बांधतायत, तिथं त्यांच्या कंपनीची साइट आहे — सकाळी अचानक फोन आला, निघाला. म्हणून तर तुम्हाला घ्यायला आमचे हे आले. येईल, जेवणापर्यंत येईल इन्शाल्ला. तुम्ही बसा निवांत, पाय वर घ्या. आणि तो स्वेटर काढा बघू आधी, इथल्या नोव्हेंबरला स्वेटर घालणारे तुम्हीच पहिले. मोबाइल? आहे ना, पण साइटवर लागत नाही तो. नका करू फोन. उगाच गडबडेल — म्हणजे, गाडी चालवत असेल ना. नाना म्हटलं तर चालेल ना तुम्हाला? सुजीत नाना-नाना करतो, माझ्याही तोंडात तेच बसलंय. मी सुमेधा. गाडीत ह्यांनी सांगितलंच असेल. नसेलही सांगितलं, उपेंद्र म्हणजे एक शब्द विचारला तर अर्धा देणारा माणूस.

हे आमचं घर असं आहे बघा — ही खोली आमची, ती त्यांची, हॉल सगळ्यांचा आणि किचन दोघींचं. शेअरिंग म्हणतात इथं. दुबईत ह्या करामा भागात निम्म्या बिल्डिंगा अशाच भरलेल्या असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुजीत-वैभवी लग्न करून आले ते सरळ इथंच, सहा महिन्यांत दुसरीकडे जागा बघू म्हणाले आणि राहिलेच. मला बरं झालं. माझा नीरव तिकडे पुण्याला, घर खायला उठायचं. सुजीत ऑफिसातून आला की बूट काढता काढता ओरडणार, काकू, काय जळतंय? काही जळत नसायचं, त्याची आपली एक मस्करी. आता परत म्हणायला लागलाय. परवा म्हणाला. मी देवासमोर साखर ठेवली आणि — चहा घेता ना अजून? सुजीत पण आता घेतो, स्वतः मागून घेतो, तेव्हा तर चार-चार वेळा गरम करून पुढे ठेवायचे, सायीची गोधडी व्हायची वर, तरी — कावीळ हो. कावीळ झाली होती ना त्याला. तोंडाला चव नसते.

हो, काविळीत चहा देत नाहीत. बरोबर आहे तुमचं. डोळे पिवळे? होते की. थोडे. वैभवी आली की तिलाच विचारा ना सगळं, मला काय डॉक्टरीतलं कळतंय — ती शाळेत गेलीय, नर्सरीत शिकवते ना. दोघं येतीलच एवढ्यात, क्लिनिक काही फार लांब—

असं बघू नका हो माझ्याकडे. तुम्ही पोस्टमास्तर होतात ना? सुजीत सांगायचा, नाना बंद पाकीट नुसतं हातात धरून सांगायचे, ह्यात वाईट बातमी आहे. मग माझ्यासारख्या बाईचं काय चालणार तुमच्यापुढे. वैभवीने मला बजावून ठेवलंय, काकू, नानांना चहा द्या, पोहे द्या, आणि एक शब्द बोलू नका, मी आल्यावर हळूहळू सांगते. हळूहळू! कधी सांगणार ती हळूहळू? पुढच्या आठवड्यात मी चालले पुण्याला. ती जाणार शाळेत, हे ऑफिसात, आणि दिवसभर त्याच्यासोबत ह्या घरात बसणार कोण? तुम्ही. त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला. दुबई बघायला नाही बोलावलं नाना. रागावू नका. मी आधी गॅस बंद करून येते.

तर ऐका. तो ठीक आहे. आधी तेच सांगते — हातीपायी धड आहे, नोकरी अजून आहे, कुणाचं काही घेतलेलं नाही, दारू नाही, बाई नाही. असलं काही नाही. मनाचं आहे. डिप्रेशन म्हणतात त्याला. थांबा, माझं होऊ दे.

जूनमध्ये सुरू झालं. म्हणजे आधीपासून असेल, मला दिसलं जूनमध्ये. त्याचं काम माहितीये ना तुम्हाला? बिल्डिंग उभी राहायच्या आधी कागदावर मोजायची — किती सिमेंट, किती सळया, किती टाइल्स. एका टेंडरच्या मोजणीत काहीतरी राहिलं. मोठं नाही, आमचे हे त्याच लायनीतले, ते म्हणाले अशा चुका रोज होतात आणि रोज निस्तरतात. पण मॅनेजर भर मीटिंगमध्ये ओरडला. आणि ते ह्याच्या डोक्यात जे शिरलं ते बाहेरच येईना. जेवताना ताटावरून उठायचा, काकू, मी दार लावलं ना? लावलं रे बाबा. परत बसायचा, परत उठायचा. मग म्हणायला लागला, बिल्डिंग पडणार. कुठली बिल्डिंग? जी अजून बांधलीच नव्हती ती! ती पडणार, माणसं मरणार, पोलिस येणार, वैभवीला एकटीला घरी पाठवून देणार. हसावं की रडावं? मी हसले होते पहिल्यांदा. मग एक दिवस शर्टाची बटणं लावता लावता मध्येच थांबलेला बघितला — इथं, ह्या आरशासमोर — एक बटण हातात धरून उभा. किती वेळ उभा कोण जाणे. मी हाक मारली तर अशा नजरेने बघितलं की, नाना, मला माझ्याच घरात परकं वाटलं.

पण ऑफिसला जायचा हो. रोज. टाय लावून, डबा घेऊन. वैभवीला वाटलं कामाचा ताण आहे, जाईल. तिलाही सुचत नव्हतं, पोर ती. मलाही वाटलं जाईल. पाण्यासारखं वाहून जाईल असं वाटतं आपल्याला.

मग ऑगस्टमध्ये मी खाडीपलीकडे देऱ्याला गेले, मासे आणायला. तिकडचं फिश मार्केट मोठं. बसने गेलं तर फिरून जावं लागतं, त्यापेक्षा मी खाडीवर जाते आणि अब्रात बसते. अब्रा म्हणजे लाकडी होडी, इंजिनवाली, मध्ये बाकडं, माणसं पाठीला पाठ लावून दोन्हीकडे तोंड करून बसतात, अर्ध्या दिरहममध्ये ह्या काठावरून त्या काठाला — म्हणजे सहा रुपये धरा. तर मी बसले. ऊन असं की डोळे उघडवेनात. आणि बाकड्याच्या टोकाला बघते तर आमचा सुजीत. टाय लावलेला. मांडीवर डबा. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि बघतोय पाण्याकडे. मी म्हटलं, अरे, तू इकडे कुठे? साइट आहे का? पलीकडचा काठ आला, सगळे उतरले, मी उतरले. तो नाही उतरला. अब्रावाला, हमदुल्ला त्याचं नाव, तो मला म्हणतो, बाजी, ये आपका आदमी है? ये तो रोज आता है, जाता है, उतरता नहीं.

मी तशीच परत आत चढले. माशांची पिशवी रिकामीच. त्याच्या शेजारी बसले, म्हटलं, सुजीत, चल ना, घरी जाऊ. तर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, काकू, उतरायचं कुठं तेच ठरत नाही. ह्या बाजूला ऑफिस आहे, तिथं मला जाता येत नाही. त्या बाजूला माझं काहीच नाही. म्हणून मी मध्ये बसतो. एवढंच. शांतपणे म्हणाला, मुन्शिपाल्टीत पत्ता सांगावा तसं. मी त्याचा हात धरला, तो बर्फासारखा. त्या उन्हात! मी हात सोडलाच नाही मग. अब्रावाला थांबला, लोक खोळंबले, कोणीतरी मागून यल्ला यल्ला, चला चला करतोय, मी म्हटलं कर बाबा तू यल्ला, मी ह्या पोराला घेतल्याशिवाय उतरत नाही. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या होडीला कठडा नसतो नाना. गुडघ्याएवढी फळी, आणि मग पाणी.

पाणी देऊ? घ्या. सावकाश.

घरी आणला. वैभवी शाळेतून आली, तिला सांगितलं. ती आधी चिडली माझ्यावरच, मग त्याच्यावर, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. आणि बाहेर येऊन पहिलं वाक्य काय? काकू, कुणाला सांगू नका, कंपनीला कळलं तर व्हिसा खलास. तिला बोल लावू नका, इथं प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच असतं. इथं आपण कामावर आहोत तोवर आहोत. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, घर कंपनीच्या पगारावर, बायको नवऱ्याच्या व्हिसावर. पाय मोडला तर कंपनीला सांगता येतं, प्लास्टर दिसतं. हे कसं सांगणार? ऑफिसात कावीळ सांगितली, तीच पुढे तुम्हाला सांगितली. मग आमच्या इथल्याच एका डॉक्टरकडे नेला, आपलाच इंडियन, खाली सुपरमार्केट वर दवाखाना. त्याने जीभ बघितली, शक्तीचं इंजेक्शन टोचलं, म्हणाला हवापालट करा, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका! घेतं का कुणी हौसेने? मंडळाच्या गणपतीत कुणीतरी कुजबुजलं, नजर लागलीय. आणि एक बाई, नाव नाही सांगत, मोदक खाता खाता म्हणते, आम्ही वाळूत दिवस काढले तेव्हा नाही झालं आम्हाला डिप्रेशन, ह्यांना एसीत बसून होतं. मी मोदक ठेवला आणि उठले. उठले म्हणजे, थोड्या वेळाने उठले. खरं सांगायचं तर मीही असं बोललेली आहे पूर्वी. दुसऱ्या कुणाबद्दल.

शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या एका मल्याळी माणसाने सांगितलं, सरकारी हॉस्पिटलात वेगळा विभाग आहे, तिथं जा. हेल्थ कार्ड होतंच. वैभवी सही करायला तयार नाही, नाव फायलीत जाईल, पुढच्या व्हिसाच्या मेडिकलला निघेल. तिथं खतीजा म्हणून नर्स होती, केरळची. तिने वैभवीला बाजूला घेतलं, म्हणाली, बेटी, व्हिसा के मेडिकल में खून देखते हैं और छाती का फोटो, दिमाग का फोटो कोई नहीं लेता. त्यावर वैभवीने सही केली.

आता पुढचं नीट ऐका, कारण घोटाळा तिथंच झाला. डॉक्टर इजिप्तचे. भला माणूस, पण बोलणार अरबी नाहीतर इंग्लिश. सुजीतचं इंग्लिश फर्स्टक्लास. वैभवीसमोर डॉक्टरांनी विचारलं, हाऊ आर यू? म्हणाला, फाइन डॉक्टर, ओन्ली लिटल स्लीप प्रॉब्लेम. हसून! ऑफिसात बोलतात तसं, खांदे सरळ करून. डॉक्टरांनी झोपेच्या चार गोळ्या लिहिल्या आणि मोकळे. घरी आल्यावर तो परत भिंतीकडे तोंड करून. पुढच्या वेळी वैभवीला सुट्टी मिळेना, मी गेले सोबत. परत तेच सुरू झालं, फाइन डॉक्टर, थँक्यू डॉक्टर. मला राहवेना. मी हिंदीत खतीजाला म्हटलं, बहेन, ये इंग्लिश में ठीक रहता है, मराठी में बीमार है. ती आधी हसली. मग तिने ते डॉक्टरांना अरबीत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. पेन खाली ठेवलं त्यांनी आणि मला म्हणाले, सिट.

मग असं चाललं — डॉक्टर अरबीत विचारणार, खतीजा ते मला तिच्या मोडक्या हिंदीत सांगणार, मी सुजीतला मराठीत. आणि उत्तर उलटं, माझ्याकडून खतीजाकडे, खतीजाकडून डॉक्टरांकडे. गावच्या विहिरीवर कळशी हातोहात द्यावी तसं, अर्धी सांडत. छातीत धस्स होतं हे हिंदीत कसं सांगू? जीव रमत नाही म्हणजे काय सांगू? जीव टांगणीला लागलाय, ह्याला मी शेवटी हात वर करून लटकून दाखवलं. पण सुजीत बोलायला लागला नाना. मराठीत विचारल्यावर त्याला खांदे सरळ ठेवता येईनात. माझ्याकडे बघायचा, मध्येच थांबायचा, परत बोलायचा. मुलगा माझ्यासमोर रडला, आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत मला पुढचं भाषांतरही करावं लागेना, ते सगळ्यांना कळत होतं.

आणि मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? हे त्यांनी आधी त्यालाच इंग्लिशमध्ये विचारलं. तो पटकन म्हणाला, नो. मग सवयीने खतीजाने मला हिंदीत विचारलं आणि मी त्याला मराठीत — सुजीत, घरात कुणाला रे? तर गप्प. एवढा वेळ गप्प की डॉक्टरांनी घड्याळ उतरवून खिशात टाकलं. मग म्हणाला, दत्तारामकाका.

बसा. बसा नाना. उठून कुठं जाणार, बाहेर सगळी गाड्यांची वर्दळ, रस्ता तुम्हाला माहीत नाही. बसा. तुम्हाला वाटेल ही कोण बाई, आमच्या घरातलं हिला काय करायचंय. बरोबर आहे. मला नको होतं हो ते कळायला. पण मधली बाई मीच होते, माझ्याच तोंडून जायचं होतं ते. त्याने सांगितलं, माझा धाकटा काका पडवीत बसून असायचा, अंघोळ नाही, बोलणं नाही, आणि मी शाळेतून येताना तो मला धक्क्यावर दिसला, तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट बघत. मला म्हणाला, तू हो पुढे, मी पलीकडे जाऊन येतो. होडी आली, गेली, परत आली, काका बसलेलाच. मला भूक लागली होती म्हणून मी घरी गेलो. हे वाक्य, नाना, मला भूक लागली होती म्हणून मी घरी गेलो, हे मी त्या खोलीत हिंदीत बोलले. भूख लगी थी इसलिए घर गया. खतीजाने तोंडाला ओढणी लावली. आणि काका परत आलाच नाही. आणि तुम्ही त्याला सांगितलंत, कुणी विचारलं तर सांगायचं, काका मुंबईला गेलाय.

मी दोष देत नाही तुम्हाला. तुमच्या बहिणी लग्नाच्या होत्या, गाव लहान, त्यात तुम्ही पोस्टात, सगळ्या गावाच्या नजरेसमोर. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. बघा ना, मी काय केलं? तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवलात आणि मी म्हटलं, सुजीत अबुधाबीला गेलाय. तेच की हो. गाव बदललं फक्त. पण ते पोर एवढी वर्षं असंच धरून बसलं, की आपण घरी गेलो नसतो तर काका उठला असता. आठ वर्षांचं पोर. कुणाला विचारणार ते? विचारायचंच नाही असं ठरलेलं. आणि वैभवीला हे माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुमचं तुम्ही. ती म्हणेल, लग्नाच्या वेळी का नाही सांगितलंत? म्हणू दे. ऐकून घ्या.

डोळे पुसायचे तर पुसा हो, माझ्यापुढे काय लाजायचं, मी तिथं कोण-कोण आणि काय-काय — तुम्हाला गंमत सांगते. त्याच खोलीत, त्याच दिवशी, डॉक्टरांनी विचारलं, झोप कधीपासून नाही? खतीजाने मला हिंदीत विचारलं. आता मी सुजीतकडे वळायला हवं होतं की नाही? तर माझ्या तोंडून गेलं, नीरवला पाठवला तेव्हापासून. मला कळलंच नाही मी काय बोलले. खतीजाने इमानदारीत तेही अरबीत करून टाकलं. डॉक्टर कागदावर बघतात, सुजीतकडे बघतात, हू इज नीरव? सुजीत तसल्या अवस्थेत हसला, म्हणाला, हर सन. कुवेतचं युद्ध झालं ना एक्क्याण्णवला, तेव्हा सगळे मुलांना इंडियात पाठवत होते. रोज नव्या अफवा, गॅसचे बॉम्ब येणार, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावा. नीरव नऊ वर्षांचा, पाठवला बहिणीकडे. चार महिन्यांसाठी. मग शाळा चांगली होती, मग दहावी आली, मग आता इंजिनियरिंग. दर शुक्रवारी फोन करते. काय म्हणतोस बाळा? आय ॲम फाइन, मॉम. इथं असताना इंग्लिश शाळा, तीच सवय लागलेली, मी मराठीत विचारणार आणि तो इंग्लिशमध्ये — फाइन. डॉक्टर मला म्हणाले होते, नेक्स्ट टाइम यू कम अलोन. मी नाही गेले. मला काय झालंय? खाते, पिते, सीरियली बघते, पहाटे जाग येते एवढंच.

पुण्याला भाचीच्या लग्नाला चाललेय मी. सगळ्यांना तेच सांगितलंय. मंडळात, वैभवीला, खाली किराणावाल्याला. — भाचीचं लग्न नाही नाना. बहिणीचा फोन आला होता. नीरव कॉलेजला जात नाही, खोलीचं दार उघडत नाही, ताट दाराशी ठेवलं तर तसंच परत येतं. उपेंद्रला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. का सांगितलं तुम्हाला? मला तरी कुठं ठाऊक. एवढा वेळ तुमच्याच घरातलं उकरत बसले, म्हणून असेल. त्याचं दार कसं उघडायचं मला माहीत नाही. काय बोलायचं माहीत नाही. त्याच्याशी मराठीत बोलेन म्हणतेय, पण त्याला मराठी येतं का तेवढं आता? — जाऊ दे. जाऊ दे ते.

तर सुजीतचं. गोळ्या चालू आहेत. पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता, उलट हात थरथरायचे, वैभवी म्हणाली बंद करू या, खतीजा म्हणाली हबीबी, थांबा, बी पेरून रोज उकरून बघतात का? आता जेवतो. अंघोळ सांगावी लागत नाही. खाली चक्कर मारतो माझ्यासोबत, खाडीकडे जात नाही आम्ही, दुसऱ्या बाजूला, पार्कापर्यंत. अजून काही दिवस वाईट जातात. परवा मस्करी केली म्हणून काल ठीक होता असं नाही, काल दुपारभर पांघरुणात होता. आज दोघं डॉक्टरांकडेच गेलेत. वैभवी आता विचारते त्याला मराठीत, इंग्लिशमध्ये डॉक्टरांना तीच सांगते, तिचं इंग्लिश माझ्यासारखं नाही. माझी गरज नाही उरली तिथं. बरंच आहे.

गाडीत तुम्ही ह्यांना म्हणालात म्हणे, गावी घेऊन जातो, चार दिवस समुद्राची हवा खाल्ली की पोरगा टुणटुणीत. ह्यांनी मला लगेच फोन करून सांगितलं, एरवी न बोलणारा माणूस! नेऊ नका. आत्ता नको. डॉक्टर बंद करा म्हणतील तेव्हा. आणि त्या पिशवीतलं चूर्ण कस्टमवाल्यांनी सोडलं हे तुमचं नशीब, ते त्याला देऊ नका, माझ्या कपाटात ठेवते. अंगारा आणलाय तो लावा, त्याला कोण नको म्हणतंय, बापाचा हात कपाळाला लागेल तेवढाच. पण मन खंबीर कर म्हणू नका. पुरुषासारखा पुरुष आणि, असं काही म्हणू नका. त्याला येत असतं खंबीर करायला तर त्याने केलं नसतं? काहीच सुचलं नाही तर गप्प बसा त्याच्याजवळ. गप्प बसलेलं चालतं त्याला. मी कित्येक दुपारी नुसत्या शेंगा सोलल्यात त्याच्या शेजारी बसून.

लिफ्ट थांबली वाटतं. ह्याच मजल्यावर. — हो, वैभवीच्या चपला. आले. तोंड धुवायचंय? वेळ नाही आता, राहू दे, तसेच बरे दिसता. किल्ली आहे हो त्यांच्याकडे, तुम्ही आलात म्हणून बेल वाजवतायत. ऐकलंत? दोनदा, दमाने. सुजीतच आहे.

मी? मी नाही उघडणार. मी खोलीत चालले, मला बॅग भरायचीय. आणि मी काही बोलले नाही तुमच्याशी, फक्त चहा दिला. दाराची कडी वरची आहे, जरा ओढून घ्यावी लागते. उठा नाना. परत वाजली. उघडा.